धुरा बोडका कुणासाठी?



आमगाव हा धानाचा मुलूख. बैठकीला येणाऱ्या कापूस-ज्वारीवाल्या भावांनी इथल्या बांध्या जरा थांबून पाहाव्यात. इथे धुऱ्यावर तूर उभी असते. धुरा म्हणजे वाया गेलेली जागा, असे इथल्या म्हाताऱ्यांनी कधी मानले नाही. आणि आपल्याकडे? पावसाळा लागला की पंप पाठीवर घ्यायचा आणि धुरा मारून पिवळा करायचा. का, तर शेत स्वच्छ दिसले पाहिजे. कुणाला? कापसाचा भाव ठरवताना व्यापारी तुमचा धुरा पाहत नाही. कर्ज देताना बँकेचा साहेबही पाहत नाही. स्वच्छ धुऱ्यातून नफा होतो तो एकट्या कृषी केंद्रवाल्याला.

त्या धुऱ्यावर मरते काय? पहिले मरते कुरडू. कुणी त्याला कोंबडा म्हणते. मृगाच्या पाण्यावर आपोआप येते, कोवळे असताना त्याची भाजी होते, आणि पुढे खाली पांढरा, शेंड्याला गुलाबी असा तुरा काढते. तुरा खालून वर फुलत जातो, त्यामुळे एकच झाड कित्येक दिवस फुलावर राहते. मधमाशा, फुलपाखरे, गांधीलमाशा त्यावर येत असतात. तीळ फुलून गेला, तूर अजून फुलायची आहे, अशा मधल्या दिवसांत कोरडवाहू शिवारात माशीने खायचे काय? कपाशीच्या फुलावर तर आपण फवारणी केलेली असते.

ज्वारीला माशी लागत नाही, हे खरे. कपाशीही माशीवाचून बोंड धरते, माशी आली तर थोडे जास्त. पण घरापुरते दोडके, कारले, काशीफळ लावता ना? त्यांचे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. माशी नसेल तर वेल फुलतो आणि फळ गळते. जगनीचे तर स्वतःच्या परागावर दाणे भरत नाहीत, तिला दुसऱ्या झाडाचा पराग माशीनेच आणून द्यावा लागतो. तूर स्वतःच्या परागावरही शेंग धरते, तरी काळा भुंगा तिच्या फुलावर येतोच. यातल्या कितीतरी रानमाशा न नांगरलेल्या मातीत बीळ करून राहतात. न नांगरलेली माती आपल्या वावरात उरली कुठे? धुऱ्यावरच.

निंदणाला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. यात खोटे काही नाही. म्हणून तर तणनाशक सोसणाऱ्या कपाशीचे बी शेतकऱ्याने मागितले, आणि २०१९ साली अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला ते कायदा मोडून उघडपणे पेरले. पण ती गोष्ट पिकातल्या तणाची. धुऱ्यावर कोणते निंदण असते? तिथे मजुरी कोण मागतो? पिकातल्या अडचणीचे औषध धुऱ्यावर ओतायचे हा शहाणपणा कुणी शिकवला?

आणि औषध म्हणजे विषच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते कीटकनाशक होते आणि हे तणनाशक, एवढ्यावर कुणी समाधान मानू नये. पंप तोच आणि पाठ तीच. २०२२ मध्ये केंद्राने आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रणाचा धंदा करणाऱ्यांकडूनच मारून घ्यावे. आपल्या गावात असला माणूस कुणी पाहिला आहे? त्याच साली महाबळेश्वरजवळचे मांघर हे मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. चांगलेच झाले, त्याच्या भोवती जंगल आहे. आपल्या बोडक्या शिवारात सरकारने फुकट पेटी दिली तरी माशी त्यात टिकायची कशी?

कुणी म्हणेल, कुरडू पिकात घुसते. घुसतेच. एका झाडाला हजारोंनी बारीक काळे बी येते आणि ज्वारीच्या तासात राहिले तर ते ओल खाते. तासातले डवऱ्याने काढा, त्यात दयामाया नको. तरी सरसकट वैरी म्हणण्याआधी हे ऐका: आफ्रिकेत युगांडाच्या ज्वारीत आपल्या टारफुल्याचा भाऊबंद फार नुकसान करतो. तिथे ज्वारीसोबत कुरडू वाढवून पाहिले, तर तो कमी उगवला. २००३ साली ही माहिती छापून आली. ज्याच्या वावरात टारफुला आहे त्याने एका कोपऱ्यात दोन तासांत करून पाहावे, खर्च शून्य.

बाकीच्यांनी धुऱ्यावर करावे. कार्तिकात तुरे वाळू लागले की कापून फडक्यावर झोडा, बी राखेत घालून मडक्यात ठेवा. मृगात वाळूत मिसळून धुऱ्यावर हातभर रुंदीचा पट्टा फेकून द्या, पुरू नका, बी फार बारीक असते. फुले येऊन गेली की पिकाकडच्या बाजूचे तुरे बी झडण्याआधी विळ्याने उतरवा. कपाशीवर फवारणी करावीच लागली तर संध्याकाळी करा, सकाळी माशी फुलावर असते.

ज्यांच्या धुऱ्यावर अजून कुरडू शिल्लक आहे त्यांनी पुढच्या बैठकीला चिमूटभर बी पुडीत बांधून आणावे. बैठकीतच वाटून घेऊ.