शाल-श्रीफळ की भंगार?

आयटीतल्या माणसांची निवृत्तीनंतरची स्वप्नं ठरलेली असतात. एकाला कोकणात आंब्याची बाग हवी असते, दुसऱ्याला सतार शिकायची असते आणि तिसऱ्याला जुनी इटालियन रोडस्टर आणून ती नट-बोल्टपासून पुन्हा उभी करायची असते. अल्फा रोमिओ स्पायडर नाहीतर फियाट 124 स्पायडर. दोन्ही 1966 सालच्या, दोन्ही पिनिनफरिनाने घडवलेल्या. दोन सीट, उघडं छप्पर आणि पिकलेल्या केसांत वारा! अमेरिकेत स्थायिक झालेल्या मित्रांना हे परवडतं. इथे ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांहून जुन्या आयात मोटारीची नुसती नोंदणी वाढवायला 80 हजार रुपये मोजावे लागतात. वारा तेवढा फुकट.

आम्ही पडलो बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातले. आमची इटालियन म्हणजे कुर्ल्याची फियाट. हसू नका. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने फियाटच्या परवान्यावर ही 1100 बनवली. 1964 पासून ती डिलाइट होती, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. छप्पर उघडत नाही आणि दारं चार, एवढाच काय तो रोडस्टरशी फरक. माझ्याकडची डिलाइट 1971 ची आहे. पुढच्या वर्षी मी साठीला कंपनी सोडेन आणि मग पूर्णवेळ तिच्यामागे लागेन.

हे जाहीर केलं की दोन प्रकारचे सल्लागार भेटतात.

पहिले भंगारवाले. "काका, कशाला? किलोवर द्या आणि नवी घ्या." दुसरे मखरवाले. "अहो, व्हिंटेज आहे ती! क्रोम करून घ्या, मस्त झाकून ठेवा, वर्षातून एकदा रॅलीला न्या. इन्व्हेस्टमेंट आहे!" दोघं एकमेकांना मूर्ख समजतात. माझ्या मते दोघांचं म्हणणं एकच आहे : गाडी चालवू नका.

आणि गंमत म्हणजे आपला कायदाही नेमका याच दोघांच्या बाजूने आहे.

समजा मी गाडी साधी खासगी मोटार म्हणून ठेवली. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. त्याची फी 600 रुपये होती, एप्रिल 2022 पासून 5 हजार झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना 10 हजार. पर्यावरण कर वेगळा. हेतू उघड आहे : कंटाळा आणि भंगारात काढा. आता समजा मी जुलै 2021 च्या व्हिंटेज नियमांत गेलो. पन्नास वर्षं पूर्ण झाल्यामुळे मी पात्र आहे. 20 हजार भरायचे, 'व्हीए' मालिकेची खास पाटी मिळते, दहा वर्षं चिंता नाही. पण मग ती रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे पेट्रोल भरायला जाता येईल, पण ते जाळून बायकोला घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात जाता येणार नाही. जाताना काहीतरी तांत्रिक संशोधन करावं लागेल :-)

त्या मंदिरावरूनच बोलू. शिलालेखाप्रमाणे ते इसवी सन 1060 चं. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि तरीही तिथे रोज पूजा होते, महाशिवरात्रीला जत्रा भरते. साडेनऊशे वर्षांचा दगड आपण जपतो आणि वापरतोही. मग पंचावन्न वर्षांच्या पत्र्याच्या बाबतीत एकच काहीतरी निवडा, हा हट्ट का?

तुम्ही म्हणाल, मंदिर धूर सोडत नाही. बरोबर आहे. कार्ब्युरेटरची गाडी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. किलोमीटरमागे ती आजच्या गाडीपेक्षा जास्त घाण करते, यात वादच नाही. पण हवेत जातो तो किलोमीटरमागचा धूर गुणिले किलोमीटर. वर्षाला हजार किलोमीटर फिरणारी फियाट आणि बदलापूर-ठाणे रोज जाऊन-येऊन करणारी नवी गाडी यांची तुलना नुसत्या वयावरून कशी करता? हवं तर किलोमीटरची मर्यादा घाला. दरवर्षी धूर आणि ब्रेक तपासा, कडक तपासा, नापास झाली तर रस्त्यावरून काढा. माझी ना नाही. आमच्या धंद्यात बँकांचे कितीतरी जुने कोबॉल प्रोग्रॅम अजून चालतात. त्यांचा जन्मदाखला कोणी मागत नाही, टेस्ट पास होते का एवढंच बघतात. इथे मात्र टेस्टच्या आधीच वयाची एक 'इफ' कंडिशन लिहून ठेवलीय.

दुसरीकडे हे जमतं. जर्मनीत 1997 पासून तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला 'एच' पाटी मिळते. तज्ज्ञ तपासतो आणि मग तुम्ही ती खुशाल रोज चालवा. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता-करही माफ आहे. हे देश प्रदूषणाबाबत आपल्यापेक्षा ढिले आहेत, असं कोणी म्हणेल का?

चालवण्याचा हट्ट एवढ्यासाठी, की उभी गाडी मरते. ब्रेकचे सिलिंडर अडकतात, पेट्रोलच्या टाकीत गंज धरतो, रबर तडकतं. त्यातून ही 1100, हिला वेगळी चॅसी नाही, पत्रा हाच सांगाडा. दाराखालचा पत्रा कुजला की नुसतं रूप जात नाही, गाडीची कंबरच मोडते. आणि आमच्याकडे तर उल्हास नदी. 2005, 2019, 2021, तिन्ही जुलैंत तिने बदलापूरकरांना पाणी दाखवलं. चालती गाडी पाणी चढायच्या आत उंचावर नेता येते. मखरातली तिथेच बुडते.

गाडीबरोबर आणखी एक गोष्ट मरते. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. त्यासोबत नुसती काळी-पिवळी गेली नाही. कानाने टायमिंग लावणारा मिस्त्री, ठोकून पत्रा सरळ करणारा डेंटर, नमुना बघून किंगपिनचं बुश काढून देणारा लेथवाला, या सगळ्यांचं रोजचं काम गेलं. वर्षातून एका रॅलीवर कोणाचं पोट भरत नाही. चार गाड्या रोज चालल्या तर एक मिस्त्री टिकतो आणि तो टिकला तर त्याच्या हाताखालचा पोरगा शिकतो. ही विद्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

आता खरं सांगतो, मला एवढा राग का येतो. साठीच्या माणसाचंही आपण हेच करतो. एक तर भंगार : "आता तुम्ही आराम करा." नाहीतर मखर : शाल, श्रीफळ, चार शब्द कौतुकाचे आणि मग पुढच्या समारंभापर्यंत कोपऱ्यातली खुर्ची. मधली जागा, म्हणजे थोडं हळू, थोडं कुरकुरत, पण रोज कामाला येणारा माणूस, ती कोणाच्या फॉर्ममध्येच नाही.

मला ती मधली जागा हवी आहे. गाडीसाठी आणि माझ्यासाठीही. तपासा आम्हाला दरवर्षी. धूर जास्त निघाला तर घरी बसवा. पण वय बघून नको.