डी.फार्म झालं, आता पुणे की बार्शी?

भाच्याचं डी.फार्म झालं. 500 तासांचं ट्रेनिंग संपलं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडलं. पेढे वाटून होतात न होतात तोच गावातला एक मेडिकलवाला बहिणीच्या दारात. "पोराचं सर्टिफिकेट आमच्या दुकानाला लावा, महिन्याला 3 हजार घरपोच. यायचीपण गरज नाही." त्याच आठवड्यात पुण्याहून फोन. हडपसरला एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये जागा आहे, 17 हजार, शिफ्ट ड्युटी.

बहिणीचा फोन, "दादा, तूच सांग आता."

बसलो हिशोब करायला. कॉट बेसिसवर राहायचे 5 हजार, मेस साडेतीन, बस, मोबाईल, महिन्याला एकदा बार्शीची एसटी. हातात उरले 6 हजार, तेही पोरगा आजारी पडला नाही तर. इकडे आईच्या हातचं खाऊन दुसऱ्या मेडिकलात 10 हजारांवर उभा राहिला आणि वर ते भाड्याचे 3 हजार आले, तर गणित बार्शीकडे झुकतं. भाऊजी म्हणाले, मग झालं की!

नाही झालं. कारण सांगतो.

मागच्या वर्षी आईला संधिवातासाठी पुण्याच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिली. ही गोळी संधिवाताला आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने स्ट्रिपवर पेनाने 'फक्त सोमवारी' लिहिलं, आईकडून दोनदा वदवून घेतलं. महिन्याने तीच चिठ्ठी घेऊन मी इथल्या एका दुकानात गेलो. पोराने पाकिटावर लिहून दिलं, 'रोज रात्री 1'. आईला वाटलं, डॉक्टरनीच वाढवली असेल. चौथ्या दिवशी भाचा घरी आला, पाकीट बघितलं आणि तिच्या हातातली गोळीच काढून घेतली. "मामा, रोज घेतली तर रक्तातल्या पेशी कमी होतात, माणूस जातो." इतकी वर्षं बातम्या लिहितोय, मला हे माहीत नव्हतं. त्या दुकानात फ्रेममध्ये ज्याचं सर्टिफिकेट टांगलंय, तो फार्मासिस्ट पुण्यात नोकरी करतो!

फार्मसी कायदा 1948 चा. कलम 42 सांगतं, चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. आपण मात्र 'भाऊ, डोकं दुखतंय, काहीतरी द्या' म्हणत हात पुढे करतो. (मीही करतो.)

म्हणून मी त्याला सांगितलं, पुण्याला जा. पगारासाठी जाऊ नको, तो पुरणार नाही. मोठं हॉस्पिटल शिकवतं म्हणून जा. इन्सुलिन, लसी 2 ते 8 डिग्रीत कशा सांभाळायच्या, कॅन्सरची औषधं कशी हाताळायची, नारकोटिकचं रजिस्टर, सारख्या नावाच्या गोळ्या वेगळ्या कशा ठेवायच्या, डॉक्टरला फोन करून 'सर, डोस बरोबर आहे ना?' विचारायची हिंमत. ही हिंमत आपल्याकडे कुणी शिकवत नाही, इथं डॉक्टरला उलट विचारलं की मालक ओरडतो. उगाच सगळं पुणं सोन्याचं समजू नका, भाड्याची सर्टिफिकेटं तिथंही टांगलेली आहेत. नुसतं बिल फाडायचं दुकान असेल, तर बार्शी काय वाईट?

दोन वर्षांनी परत ये, असंही म्हणालो. किरकोळ मेडिकलला 10 चौरस मीटर जागा लागते. तेवढ्या जागेचं पुण्यातलं डिपॉझिट त्याच्या बापाला जन्मात झेपणार नाही, इथं घराची पुढची खोली रस्त्यावरच आहे. येईल का? गेलेली किती पोरं परत आली, तुम्हीच मोजा. बहिणीला तीच भीती आहे, मलाही आहे.

3 हजारवाल्याला त्याने स्वतःच नाही सांगितलं. बाप दोन दिवस बोलला नाही, आता बॅग भरून देतोय.

सोमवारी पहाटेच्या एसटीने निघतोय. हडपसर, मगरपट्ट्याकडे स्वच्छ, स्वस्त रूम किंवा चांगली मेस कुणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा. आणि आज संध्याकाळी मेडिकलात गेलात, तर फार्मासिस्ट कोण आहे तेवढं विचारून बघा. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा, दुकानाचं नाव नको.