तीसच्या तीस रोजे, आणि कौतुक

ईदच्या आदल्या रात्री आपल्या घरांत एक हिशेब होतो. कोणी किती रोजे धरले? सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने तीसच्या तीस धरले असतील तर अम्मीची मान ताठ होते, फुफी ईदी वाढवून देते. मला या कौतुकाचा राग येतो. पाळीच्या दिवसांत रोजा धरायचा नसतो, तो नंतर कजा करायचा असतो, हे आपल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. मग महिनाभरात एकही सुटला नाही, याचा अर्थ घरातली एकही बाई का विचारत नाही? कधी तारखा मागेपुढे होतात, कोणी गोळ्या घेतात, मान्य. पण पोरगी वाळत चालली असेल आणि त्याआधीचे दोन-तीन महिनेही कोरडे गेले असतील, तर तो तिच्या ईमानाचा दाखला नव्हे. पोटाला मिळत नाही म्हणून शरीराने बंद केलेला तो एक खर्च आहे.

तिला रमजान सोयीचा पडतो. सेहरीला "भूक नाही", इफ्तारला एक खजूर आणि पाणी, तरावीहचे निमित्त करून जेवण टाळायचे. अकरा महिने जे लपवावे लागते त्याला या एका महिन्यात शाबासकी मिळते. भरीला मोबाईलवर 'रमजानमध्ये दहा किलो कमी करा' सांगणारे उस्ताद आहेतच.

हा आजार आहे आणि त्याला नाव आहे, अ‍ॅनोरेक्सिया. खाऊन मग बोटे घालून उलटी काढण्याच्या प्रकाराला बुलिमिया म्हणतात. हे सांगितले की ठरलेले उत्तर येते: "ही मोठ्या घरची थेरं. आपल्याकडे खायलाच कुठे आहे?" फिजी बेटांवरचे लोकही आपण भरल्या अंगाचे, आपल्याला काय होणार, असेच समजत. तिथल्या नाद्रोगा भागात 1995 साली टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने तेव्हा शाळकरी मुलींना विचारले, तर वजनासाठी उलटी काढणारी एकही नव्हती. 1998 साली पुन्हा विचारले, तर शंभरात अकरा निघाल्या. आपल्या मुलींच्या हातात तर टीव्हीपेक्षा जवळचा पडदा आहे.

गरिबी आहे म्हणून हा आजार नाही, हा तर्कच उलटा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांना रक्तक्षय होता, आणि साधारण 21 जणींचे वजन मुळातच कमी होते. वाशीम तर नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे सरळ भाषेत मागास, जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथे आधीच अर्ध्या भरलेल्या ताटातला घास मुलगी स्वतः काढून ठेवते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण बारीक असणे इथे नेहमीचेच.

आमच्या घरचा धंदा बांगड्यांचा. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत आमचे दुकान लागते. 2023 साली रामनवमी 30 मार्चला, ऐन रमजानात आली. रोजा धरून, संत सेवालाल महाराजांच्या दर्शनाला आलेल्या गर्दीत दिवसभर हात बघत बसले होते. तांड्यावरच्या डोकऱ्यांचे हात अजून पाण्याच्या घागरी उचलणारे आहेत. त्यांना माप विचारावे लागत नाही, त्याच सांगतात, मोठे दे. नाती मात्र दोन-सहाच्या हातात दोन-चार बसवायला लावतात, साबण लावून, कातडी सोलेपर्यंत. त्यांच्यात आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींत मला काडीचा फरक दिसत नाही. डोकऱ्या हसतात, आया मात्र हसत नाहीत. त्यांना मुलगी उजवायची असते.

खरे दुकान तिथे आहे. आपल्या रिश्त्याच्या बाजारात 'हेल्दी' हा शब्द शिवी झाला आहे. "मुलगी छान आहे, फक्त जरा हेल्दी आहे." मुलगी समोर चहाचा ट्रे घेऊन उभी असताना हे बोलतात, आणि पाहुणे गेल्यावर घरात तिची पोळी मोजली जाते. मुलाचे पोट टेबलाला टेकलेले असते, त्याला कोणी काही म्हणत नाही. ज्यांना बायोडेटात वजनाचा रकाना हवा असतो त्यांनी भुसार दुकानात जावे.

आपल्या चळवळीलाही मी सोडणार नाही. हमीद दलवाईंनी 1966 साली सात बायकांना घेऊन मोर्चा काढला तेव्हापासून आपण तलाकबद्दल बोलतो आहोत, आणि बोललेच पाहिजे. पण निकाहाआधी मुलगी तोलली जाते त्याविरुद्ध आपला एक ठराव मला दाखवा. शिबिरात मी हा विषय काढला तर एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "हा बायकांचा खासगी प्रश्न आहे." तलाकही एकेकाळी खासगीच होता, साहेब.

धर्माची ढाल पुढे करणाऱ्यांनी धर्म तरी नीट वाचावा. सूरह बकरामध्ये रोजे फर्ज होतात त्याच ठिकाणी, 184 आणि 185 या आयतींत, आजारी माणसाला सूट आहे. बुखारीत हजरत सलमान आणि अबू दरदा यांची गोष्ट आहे. अबू दरदा नफली रोज्यांत आणि रात्रीच्या नमाजांत इतके बुडाले की घराकडे लक्ष राहिले नाही. सलमान पाहुणे आले, जेवण समोर आले आणि ते अडून बसले: तू खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही. अबू दरदांना रोजा सोडावा लागला. हे पैगंबरांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी सलमानची बाजू खरी ठरवली. जुम्याच्या खुतब्यात ही गोष्ट मुलींच्या आयांना कधी सांगणार? (आयांना मशिदीत येऊ देणार का, हा वेगळा लेख होईल.)

आता तुमच्याशी, भावांनो आणि बहिणींनो. "तुला जाड व्हायची भीती वाटते का?" असे विचारून ती हो म्हणेल असे समजू नका. हाँगकाँगमध्ये सिंग ली या मनोविकारतज्ज्ञांना असे रुग्ण भेटले जे फक्त "पोट भरलंय" म्हणत. उन्हाळ्यातही थंडी वाजणे, केस गळणे, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाणे, बोटांच्या सांध्यांवर दातांचे घट्टे, बंद झालेली पाळी, हे बघा. चक्कर येऊन पडत असेल तर थेट दवाखान्यात न्या. आणि महिनोन्महिने उपाशी असलेल्या मुलीला एकदम कोंबून खायला घालू नका, त्याने जीवही जाऊ शकतो, आहार डॉक्टरच्या देखरेखीखालीच वाढवायचा. बोलायला कोणी नसेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. रमजान असेल तर ती रोज्याने आहे म्हणून संध्याकाळपर्यंत थांबू नका.