हिरव्या कनेक्टरपासून औंढ्याच्या लायगोपर्यंत : लेझरला स्वतःचाच परतलेला प्रकाश का चालत नाही?

नांदेडच्या श्रीनगरमधलं घर असो की लातूरच्या औसा रोडवरची हॉस्टेलची खोली, फायबरचं कनेक्शन घेतलं की भिंतीवर एक छोटा डबा बसतो. त्यात जाणाऱ्या वायरच्या टोकाला कधी हिरवा, तर कधी निळा कनेक्टर असतो. हा रंग शोभेसाठी नाही. हिरव्या कनेक्टरच्या आतलं काचेचं टोक 8 अंशांनी तिरपं घासलेलं असतं.

हे 8 अंश कशासाठी? लेझरमधून निघालेला प्रकाश उलटा फिरून परत लेझरमध्ये शिरू नये म्हणून.

हाच प्रश्न कितीतरी मोठ्या प्रमाणावर नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात सोडवावा लागणार आहे. औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये तिला तत्त्वतः, तर एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. या वेधशाळेचा सगळा खेळ लेझरच्या स्थिरतेवर आहे.

परतलेला प्रकाश नेमकं काय बिघडवतो?

गावच्या कार्यक्रमात कुणी माइक घेऊन स्पीकरसमोर गेलं की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होतो, पुन्हा स्पीकरमधून येतो आणि हे चक्र थांबत नाही. यालाच फीडबॅक म्हणतात. लेझरमध्ये आवाजाच्या जागी प्रकाश असतो.

फायबरच्या डब्यातला सेमीकंडक्टर लेझर तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतो. साध्या रचनेच्या चिपची लांबी साधारण एक तृतीयांश मिलीमीटर. तिची दोन टोकं म्हणजेच तिचे आरसे. पण हे आरसे कच्चे असतात. वेगळा लेप दिला नाही, तर टोकावर आदळणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम 30 टक्के आत परततो, बाकीचा बाहेर पडतो. ज्या दारातून प्रकाश सहज बाहेर जातो, त्याच दारातून तो सहज आतही येतो.

दुसरी अडचण सेमीकंडक्टरच्या स्वभावात आहे. आतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली की प्रकाशाची तीव्रता बदलते आणि सोबत पदार्थाचा अपवर्तनांकही बदलतो. त्यामुळे तरंगलांबी हलते. म्हणजे परतलेला प्रकाश आधी तीव्रता हलवतो, मग रंग हलवतो आणि त्याचा परिणाम पुन्हा पुढच्या फेरीवर होतो.

रॉय लँग आणि कोहरो कोबायाशी यांनी 1980 मध्ये या गोंधळाची समीकरणं मांडली. आजही या विषयाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

थोडा प्रकाश बरा, मधला वाईट?

इथे एक गंमत आहे. 1986 मध्ये रॉबर्ट टकाच आणि अँड्र्यू क्राप्लीवी यांनी फीडबॅकचे पाच टप्पे दाखवले. अगदी क्षीण प्रकाश परतला, तर लेझर कधी कधी उलट जास्त शुद्ध रंगाचा होतो. प्रमाण वाढत गेलं की एका टप्प्यावर त्याची शिस्त पार मोडते. आणि परतणारा प्रकाश खूपच जास्त असला, तर लेझर पुन्हा स्थिर होऊ शकतो.

शिस्त मोडायला फार काही लागतही नाही. काही लेझरांना बाहेर पडलेल्या प्रकाशाचा दहा हजारातला एक भाग परत मिळाला, तरी तेवढ्याने काम बिघडतं.

मग उपाय काय?

सपाट काच आणि हवा जिथे भेटतात, तिथे सुमारे 4 टक्के प्रकाश मागे फिरतो. काचेचं टोक तिरपं असलं, की हा प्रकाश आल्या वाटेने न जाता बाजूला निसटतो. हिरव्या कनेक्टरचं काम एवढंच. म्हणूनच हिरवा कनेक्टर निळ्या सॉकेटमध्ये बसवू नये. तिरपं आणि सपाट टोक नीट चिकटत नाही, मध्ये फट राहते. अर्थात, घरचं नेट बंद पडण्यामागे बहुतेक वेळा तुटलेली, दुमडलेली वायर किंवा धूळ असते. एक मात्र लक्षात ठेवायचं : सुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो.

जिथे लेझर अधिक नाजूक, तिथे 'आयसोलेटर' बसवतात. 1845 मध्ये मायकल फॅरडेला दिसलं की चुंबकीय क्षेत्रात काचेतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा वळते. आयसोलेटर जाताना ती 45 अंश वळवतो. परत येणारा प्रकाश त्याच बाजूला आणखी 45 अंश वळतो. एकूण 90 अंश झाले की दारातली गाळणी त्याला अडवते. थोडक्यात, प्रकाशासाठी वन-वे.

औंढ्यात हे कुठे लागणार?

लायगोचे दोन हात प्रत्येकी 4 किलोमीटरचे, इंग्रजी 'एल' अक्षरासारखे. गुरुत्वीय लहर आली की हातांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो. तो मोजायचा लेझरने.

अमेरिकेतल्या लायगोत सुरुवात सेमीकंडक्टर लेझरनेच होते. त्याचा 808 नॅनोमीटरचा प्रकाश एका छोट्या स्फटिकाला ऊर्जा देतो. त्यातून 1064 नॅनोमीटरचा, सुमारे 2 वॉटचा अतिशय स्थिर किरण निघतो आणि पुढे त्याची शक्ती वाढवली जाते. आरशांवरून फिरून येणारा प्रकाश उगमापर्यंत पोहोचू नये, म्हणून वाटेत फॅरडे आयसोलेटर असतात. त्याच वेळी, परतणारा बराचसा प्रकाश एका खास आरशाने मुद्दाम पुन्हा हातांकडे पाठवला जातो, म्हणजे शक्ती वाया जात नाही. परतलेला प्रकाश शत्रू की मित्र, हे तो कुठे आणि कसा परततो यावर ठरतं.

धोका आणखी एक आहे. नळीच्या भिंतीवर विखुरलेला प्रकाश मूळ किरणात मिसळला, तर तो भिंतीची थरथर सोबत घेऊन येतो. ही जागा निवडताना जमिनीचा शांतपणा महत्त्वाचा होता. तरी 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोलीत 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. 30 सप्टेंबर 1993 चं किल्लारी लातूरकर विसरलेले नाहीत. अशा धक्क्यांनी वेधशाळेचं मोजमाप काही काळ थांबू शकतं, जसं अमेरिकेतही थांबतं. त्यासाठी आरसे चार टप्प्यांच्या लोलकावर टांगलेले असतात आणि नळीत विखुरलेला प्रकाश अडवणारे पडदे असतात.

मराठवाड्यासाठी खरा प्रश्न कोणता?

प्रकल्पाची जबाबदारी पुण्याची आयुका, इंदूरची आरआरकॅट आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांच्यासारख्या संस्थांवर आहे. पण वेधशाळा वर्षानुवर्षं चालवायला ऑप्टिक्स, व्हॅक्यूम, इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे हात रोज लागतात. लेन्सवरचा धुळीचा कण ओळखणारा तंत्रज्ञही तितकाच गरजेचा.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आहे. लातूरला त्याचं उपकेंद्र आहे आणि हिंगोलीही त्याच्याच कार्यक्षेत्रात येतं. 'लातूर पॅटर्न'ने हजारो मुलांना फिजिक्सचे पेपर सोडवायला शिकवलं. आता त्यांना खऱ्या लेझरसमोर, खऱ्या आयसोलेटरसोबत काम करता येईल अशा प्रयोगशाळा इथल्या कॉलेजांत उभ्या राहतात का, ते पाहावं लागेल. नाहीतर जमीन मराठवाड्याची, प्रकल्प मराठवाड्यात आणि इथल्या पोरांच्या वाट्याला फक्त गेटवरची नोकरी, असं व्हायला वेळ लागणार नाही.