मैदान कुणाच्या बापाचे?

केज तालुक्यातल्या एका शिबिरात आम्ही बायकांना साधा प्रश्न विचारला. तुम्ही शेवटच्या कधी पळालात? आधी हशा पिकला. मग एकीने सांगितले, एसटी सुटत होती तेव्हा. दुसरी म्हणाली, नवरा पिऊन मागे लागला तेव्हा. केवळ मौज म्हणून पळालेली एकही निघाली नाही. कोपऱ्यातली एक मात्र हळूच बोलली, "चौथीत लंगडीत पहिली आले होते. पाचवीच्या वर्षी आईबापासंगं उसाला गेले."

मैत्रिणींनो, खेळ हा आपल्या चळवळीचा विषय नाही असे ज्यांना वाटते त्यांनी जरा मागे जाऊन पाहावे. मैदानासाठी पुरुष किती जिद्दीने भांडले आहेत!

मुंबईत १८७५ साली गोऱ्यांनी बॉम्बे जिमखाना काढला. तिथे देशी माणसाला सभासदत्व नव्हते. बाहेरच्या मोकळ्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत, तर तिथेही साहेबांचे पोलोचे घोडे येऊन जमीन उखणून टाकत. १८८१ साली शापूरजी सोराबजी आणि इतरांनी शेकडो सह्यांचा अर्ज सरकारकडे केला. घोडे कुठेही दौडू शकतात, आम्हाला मात्र हीच एक जागा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. सरकारने एकदा ऐकले, पुन्हा शब्द फिरवला. या लढ्यावर सोराबजींनी १८९७ साली पुस्तकच लिहिले. दरम्यान १८९० साली पारशांनी व्हर्ननच्या इंग्रज संघाला हरवले होते. पुढे सरकारने समुद्राकाठी जागा दिल्या त्या पारशी, मुसलमान, हिंदू अशा जमातवार. आपल्या पुढाऱ्यांनी त्या तशाच घेतल्या.

पळवणकर बाळू पुण्यात आधी पारशांच्या आणि मग गोऱ्यांच्या मैदानावर राबले. महिना तीन-चार रुपये पगार. फिरकी अशी की हिंदू संघाला त्यांना घ्यावेच लागले. त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्णांना चालला, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळायला १९२३ साल उजाडले. ही गोष्ट आता निदान सांगितली तरी जाते.

साहेब विरुद्ध देशी झाले, सवर्ण विरुद्ध दलित झाले. बाई कुठे आहे? तिला कुणी मैदानातून हाकलले नाही, कारण ती तिथे येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. त्याच वर्षांत ताराबाई शिंदे 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) लिहीत होत्या, पंडिता रमाबाई पुण्यात आर्य महिला समाज काढत होत्या, रखमाबाई कोर्टात नांदायला नकार देत होत्या. आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या शरीरसंबंधाचे वय दहावरून बारा करायचे, एवढेच. त्यावर महाराष्ट्रात केवढा गहजब उठला! टिळकांसारखा तरुणपणी तालीम करून शरीर कमावलेला नेता सरकारी हस्तक्षेप नको म्हणून विरोधात उभा राहिला. पुरुषाचे शरीर राष्ट्रासाठी कमवायचे. मुलीचे शरीर दहाव्या वर्षी की बाराव्या वर्षी नवऱ्याच्या हवाली करायचे, यावर सभा भरवायच्या.

कुणी म्हणेल, झिम्मा, फुगडी, मंगळागौर होतीच की! होती, आणि अंगात दम असल्याशिवाय ती जमत नाही हे आम्ही जाणतो. पण ती अंगणात, सणापुरती, सासूच्या परवानगीने. झिम्म्यासाठी कुठल्या गव्हर्नराने समुद्राकाठी जागा दिली?

आमचा बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, घोडदळाची छावणी होती. निजाम गेला, छावणी गेली. गावाचे मैदान मात्र पुरुषांचेच राहिले. जत्रेत कुस्त्यांचा फड, साहेबांच्या वाढदिवसाला कबड्डी. (हे साहेब आता आपल्यातलेच.) बाई तिथे बघायलासुद्धा उभी राहत नाही.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर पळत शाळेला जायचा. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले, २०२३ साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण. गरिबाचे पोर, आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण त्याच रस्त्याने शाळेला पळणारी मुलगी असती तर? सहा किलोमीटर लांब, म्हणून सातवीतच शाळा बंद. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. पूर्ण कोयत्याची उचल हवी तर पोराला बायको हवी. मागे एकटी राहणाऱ्या मुलीची काळजी वेगळीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या विशीच्या शंभर तरुणींत चाळिसाहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. १८९१ चा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून. बायकांची पहिली २०२३ साली सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. त्याच वर्षी लैंगिक छळाची दाद मागणाऱ्या महिला कुस्तीगीरांना दिल्लीत पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत नेले. म्हणजे आखाड्यात पोचलेल्या बाईलाही जागा मिळतेच असे नाही.

कायद्याने नेहमीच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती कागदावरच उरकतात, सह्या घरी येतात. या वेळी कागद घरी आला की सही करू नका, सभेला जा. क्रीडांगणासाठी किती पैसा आला, कुठे गेला, ग्रामपंचायतीच्या व्यायामशाळेची किल्ली कुणाच्या खिशात असते हे विचारा. मुलींसाठी संध्याकाळी दोन तास मैदान आणि तिथे दिवा, असा ठराव लिहून घ्या. लंगडीत पहिली आलेली ती मैत्रीण हा ठराव मांडायला तयार आहे. तिची मुलगी आता चौथीत आहे.