एका दिवसाचं तर काम आहे, डॉक्टर!

छप्पन्न वर्षांचे एक इंजिनियर माझे जुने पेशंट. मधुमेहासाठी रात्री एकदा इन्सुलिन घेतात. लक्षद्वीपला अगत्ती बेटावर एका यंत्राच्या कामासाठी जायचं होतं. आज सकाळी कोचीहून जाऊन उद्या परत. फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. बीपी, छाती, ईसीजी तपासून मी दोन मिनिटांत सही केली.

अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची. तिथे एटीआरसारखी छोटी पंख्याची विमानंच उतरतात आणि त्यातही वजनाचा हिशोब असतो. म्हणून यांनी जादा सामान कोचीच्या हॉटेलात ठेवलं. इन्सुलिनचं पेन तिथल्याच फ्रिजमध्ये राहिलं. "एका रात्रीचा तर प्रश्न!" दुसऱ्या दिवशी हवा बिघडली, विमान रद्द. तिसऱ्या दिवशीही तेच.

बेटावर हॉस्पिटल आहे. पण हे संकोचाने गेले नाहीत. उलट स्वतःच उपाय काढला: जेवणच सोडलं. खाल्लं नाही तर साखर कशी वाढेल? हा गैरसमज मी रोज ऐकतो. आपलं लिव्हर उपाशीपोटीही रक्तात साखर सोडत असतं आणि त्याला आवर घालतं ते इन्सुलिन. परत आले तेव्हा जीभ कोरडी, उलट्या, साखर 418. दोन दिवस ॲडमिट करावं लागलं.

चूक त्यांची होती, तशी माझीही. "विमानात बसू शकतील का?" एवढंच मी पाहिलं. खरं विचारायला हवं होतं, "तिथे तीन दिवस अडकलात तर काय कराल?" सर्टिफिकेटच्या कागदावर हा प्रश्न कुठेच नसतो. माझ्या मते बेटासाठी तोच पहिला हवा.

म्हणून आता मी एका दिवसाच्या कामालाही आठवड्याची औषधं द्यायला लावतो, तीही हातातल्या बॅगेत. कपडे राहिले तरी चालतील. वापरातलं इन्सुलिन पेन बहुधा चार आठवडे फ्रिजबाहेर टिकतं, फक्त उन्हात ठेवू नका. सोबत प्रिस्क्रिप्शन आणि साखरेच्या पुड्या. सर्दीने कान दडे बसले असतील तर आधी दाखवा, विमान उतरताना फार ठणकतात.

आणखी एक. काम लवकर आटोपलं की तिथला निळा समुद्र बघून स्कुबा डायव्हिंगचा मोह होतोच! खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर उंचावर गेल्यावर बुडबुडे होऊन बाहेर येऊ शकतो. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, जास्त वेळा गेलात तर 18 तास विमान नको. मी सरळ 24 सांगतो. वरवर पोहत मासे बघायला हरकत नाही.

ते गृहस्थ पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहेत. सर्टिफिकेट मागायला आले तेव्हा मी म्हटलं, आधी बॅग दाखवा.