पत्ता नसलेले पत्र

दिवाळीपूर्वीची झाडझूड म्हणजे आमच्या घरचे उत्खननच. यंदा माळ्यावरून एक काळवंडलेली समई, पाय मोडलेला पाट आणि एक कॅसेट निघाली. कॅसेटवर माझ्याच अक्षरात लिहिलेले: ‘आई. ओव्या. 1996’. आईला जाऊन नऊ वर्षे झाली. घरात मोबाइल चार. पण कॅसेट वाजवील असे यंत्र एकही नाही!

“बाबा, मग केसरबाईंची तबकडी परग्रहावरचे लोक कशी वाजवणार?” कन्येने विचारले.

प्रश्न बिनतोड होता. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली, हे वाचकांना ठाऊक आहेच. कार्ल सेगन ह्यांच्या मंडळाने प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली. तीत 55 भाषांतले नमस्कार, पावसाचे नि पक्ष्यांचे आवाज, बाख, बीथोवन, आणि त्यांच्याच पंगतीला गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर! भैरवीतले ‘जात कहाँ हो’, अवघी साडेतीन मिनिटे. दुसरे यान 5 सप्टेंबरला सुटले आणि 16 सप्टेंबरला बाई गेल्या. ज्याला मुक्कामाचा पत्ता ठाऊक नाही त्यालाच भैरवीने ‘कुठे निघालास?’ म्हणून विचारावे, ही निवड करणाऱ्याला सुचली की सहज घडली, कोण जाणे.

त्या 55 भाषांत आपली मराठीही आहे बरे का! पृथ्वीवरील लोकांचे शुभविचार कळवून झाल्यावर ती परग्रहवासीयांना ह्या जन्मी धन्य व्हायला सांगते. त्यांना जन्म एक की चौऱ्याऐंशी लक्ष, ह्याची चौकशी न करता! उत्तरपत्रिकेत असे वाक्य आले असते तर मी लाल रेघ मारली असती. इथे हात धजत नाही.

शास्त्रज्ञ मात्र माझ्याहून शहाणे. त्यांनी तबकडीसोबत सुई दिली आणि वाजवायची कृती आवरणावर चित्रांनी कोरली. त्यांतले अधिक लांबचे यान आज सुमारे 2500 कोटी किलोमीटरांवर आहे. आणखी 40,000 वर्षांनी ते एका ताऱ्याच्या ‘जवळून’ जाईल. जवळून म्हणजे दीड प्रकाशवर्षाहून जास्त अंतरावरून! तोवर त्यांना घाई नाही. मला होती. फितीला बुरशी लागली होती.

गुलमंडीच्या मागे एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याचा पत्ता लागला. त्याने फीत उजेडात धरली, चष्मा वर केला आणि म्हणाला, “सर, एकच डाव वाजेल. मग तुटली तर मला बोल लावू नका. मोबाइल धरा जवळ.”

कन्येने मोबाइल धरला. आधी नुसती खरखर. मग आमच्या जुन्या स्वयंपाकघरातले एक भांडे पडले, आणि आई घाबऱ्या आवाजात म्हणाली, “लागलं का रे ते? मी आता बोलू का?”